इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या खाऱ्या दलदलीत दिसलेला हा बारीक काळा किडा कोणता? तो तिथे मिठासाठी राहतो का?

चार मिलिमीटर लांब, काळा पण पितळेची झाक असलेला, कमरेत आवळलेला, चिखलातल्या भोकात शिरणारा, एवढ्या वर्णनावरून हा डिस्किरियस, म्हणजे जमिनीत बिळं करणारा एक छोटा शिकारी भुंगेरा. जात बहुधा डिस्किरियस सॅलिनस.

आणि मिठासाठी वगैरे काही नाही, तो तिथे शिकारीसाठी राहतो. ब्लेडियस नावाचे भुंगेरे त्याच चिखलात बिळं करून शेवाळ खातात, आणि हा त्यांच्या बिळांत घुसून त्यांना खातो. ब्लेडियस स्पेक्टॅबिलिसची मादी बाटलीच्या आकाराचं बीळ करते. तोंड इतकं अरुंद की भरतीचं पाणी सहजी आत येत नाही. अंडी-पिल्लांवर ती स्वतः पहारा देते, तो अशाच शिकाऱ्यांपासून.

हे मी इतक्या ठासून सांगतोय, कारण यावरून माझं भांडण झालंय. इथल्या निसर्गप्रेमींच्या गटातले एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणायचे, खाऱ्या जागेतला भुंगेरा म्हणजे तो झाडांच्या मुळाशीच असणार. सगळी सकाळ आम्ही सी लॅव्हेंडर या खाऱ्या दलदलीतल्या झुडपांच्या मुळाशी माती उकरली. कोळी मिळाले, गोगलगायी मिळाल्या, हा नाही. मग मी एकटाच उघड्या चिखलाच्या पट्ट्यावर गेलो. तिथे भोकांभोवती ओल्या रव्यासारखी ताजी माती उपसलेली होती, म्हणजे खाली ब्लेडियस होता. बाटलीतलं पाणी ओतलं तसे आधी ते वर आले, आणि पाठोपाठ हा. तळहातावर घेतला तर बोटांच्या फटीत डोकं घालून असा रेटायला लागला की एवढ्याशा जिवात ताकद कुठून येते कळेना. भिंगातून पुढचे पाय बघा, पायांच्या नळ्या रुंद आणि कडेला दाते, खणण्यासाठीच घडलेल्या. गृहस्थांना दाखवला, तर म्हणाले, "योगायोग!" कसला योगायोग? भक्ष्याची बिळं शोधा, शिकारी तिथेच असतो. पुस्तकात झाडांची यादी बघून किडे शोधणाऱ्यांचं ऐकू नका.

आता, मिठाचा संबंधच नाही असंही नाही. ही जात खारवट जमिनीवरच सापडते, गोड्या पाण्याच्या काठावर तिची भावंडं असतात. आणि नुसत्या फोटोवरून जात पक्की करता येत नाही, त्याला सूक्ष्मदर्शक लागतो. जाल तेव्हा भरतीची वेळ बघूनच जा, तिथल्या खाड्या आपल्या पाठीमागे भरून परतीची वाट अडवतात.