कोकणातल्या रेडिओ केंद्रावर विकिपीडियात लेख लिहिताय? आधी हे बघा

विषय चांगला निवडलात. मराठी विकिपीडियावर कोकणाबद्दल लिहिणारे हात तसे कमीच आहेत. पण स्वतंत्र लेखासाठी परवाना आणि फ्रिक्वेन्सी पुरत नाही. केंद्राशी संबंध नसलेल्या कुणीतरी त्याबद्दल सविस्तर लिहिलेलं हवं. आकाशवाणी रत्नागिरीसारख्या जुन्या केंद्राबद्दल असं काही सापडण्याची शक्यता बरी. वाचनालयातले वर्तमानपत्रांचे जुने अंक चाळा. कम्युनिटी रेडिओचं (एखाद्या संस्थेनं आसपासच्या लोकांसाठी चालवलेल्या छोट्या केंद्राचं) अवघड. २००६ च्या धोरणानंतर स्वयंसेवी संस्था, कृषी विज्ञान केंद्रांनाही परवाने मिळू लागले, पण ताकद सहसा १०० वॅटपर्यंत, आवाका मोजक्या गावांचा, म्हणून बाहेरचं कुणी फारसं लिहीत नाही. उद्घाटनाची चार ओळींची बातमी म्हणजे संदर्भ झाला असं समजू नका.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- केंद्राच्याच फेसबुक पानावरून मजकूर उचलणं
- निवेदकांची नावं नि कार्यक्रमांचं वेळापत्रक भरणं
- ‘कोकणचा लाडका आवाज’ छाप कौतुक
- स्वतः तिथे काम करत असूनही न सांगणं (हे तर करूच नका)

संदर्भ तोकडे पडले तर गावाच्या लेखात दोन ओळी घाला आणि केंद्राचं नाव तिकडे पुनर्निर्देशित करा, म्हणजे ते नाव शोधणारा थेट गावाच्या लेखावर पोचेल. त्यात कमीपणा नाही. कच्चा मसुदा धूळपाटीवर (विकिपीडियातल्या सरावाच्या पानावर) लिहा. माहितीचौकट (लेखाच्या बाजूचा ठळक माहितीचा तक्ता), वर्ग (विषयवार गट) वगैरे नंतर बघू.