ॲप माझ्या मुलीला चौथीची गणिते का देते?

सातवीतल्या एका मुलीची आई माझ्याकडे आली, तेव्हा तिला एकच प्रश्न छळत होता. शाळेने सुरू केलेले, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे गणिताचे ॲप मुलीला चौथी-पाचवीची उदाहरणे देत होते आणि मैत्रिणी मात्र बीजगणितापर्यंत पोहोचल्या होत्या. म्हणजे यंत्राने तिला 'ढ' ठरवले का? ही भीती आज अनेक पालकांना वाटते आणि ती समजण्यासारखी आहे.

असे ॲप हुशारी मोजत नाही; कोणते उत्तर कसे चुकले, यावरून ते पुढचे उदाहरण निवडते. या मुलीला १/४ हा १/३ पेक्षा मोठा वाटत होता, कारण तीनपेक्षा चार मोठे. हीच चूक वेगवेगळ्या रूपांत आली, तेव्हा ॲपने तिला अपूर्णांकांच्या पायाशी नेले आणि ते योग्यच झाले, कारण भरलेल्या वर्गात प्रत्येकीची अशी चूक हेरणे शिक्षकांना फार कठीण जाते.

शाब्दिक उदाहरणांत मात्र ॲपचा अंदाज चुकला. मुलगी सेमी-इंग्रजीत शिकते. तीच उदाहरणे मी मराठीतून वाचून दाखवली, तेव्हा तिने बहुतेक तोंडी सोडवली. अडचण भाषेची होती, पण ॲपला फक्त उत्तर दिसते, त्यामागचा विचार दिसत नाही. म्हणूनच मुलाचे म्हणणे ऐकणारे माणूस सोबत हवे, असे मी आग्रहाने सांगते. दिल्लीतील 'माइंडस्पार्क' या, मुलाच्या पातळीनुसार शिकवणाऱ्या संगणक-प्रणालीच्या केंद्रांवरचा, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मी त्या आईला सांगितला. तेथे सहावी ते नववीची मुले ९० मिनिटांपैकी निम्मा वेळ संगणकावर आणि निम्मा वेळ छोट्या गटात सहायक शिक्षकासोबत शिकत होती. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदीत चांगली प्रगती झाली; मात्र फार मागे असलेल्या मुलांची प्रगती शाळेच्या परीक्षेत फारशी उमटली नाही.

आम्ही वर्गशिक्षिकांशी बोलून ॲपची भाषा मराठी करून घेतली, सातवीचे चालू धडे वेगळे सुरू ठेवले आणि रोज एक उदाहरण मुलीने आईला समजावून सांगायचे, असे ठरवले. त्यासाठी आईला गणित येण्याची गरज नव्हती. भावंडांसमोर 'चौथीची गणिते' हा शब्दप्रयोग बंद झाला.

"मग घटक चाचणीत गुण वाढतील ना?" आईने विचारले. या चाचणीत कदाचित वाढणार नाहीत, हे मी स्पष्ट सांगितले आणि मुलीलाही ते आधीच सांगून ठेवायला सुचवले.