वडील ५८ वर्षांचे, ३० वर्षं विडी ओढतात. नॅनो-सेन्सरवाली रक्ततपासणी ठाण्यात करून घ्यावी का?

नाही, फुफ्फुसाचा कॅन्सर लवकर पकडायला आज तरी या तपासणीवर विसंबू नका. वडिलांचं वय आणि विडी बघता छातीच्या डॉक्टरांना कमी मात्रेच्या (म्हणजे कमी क्ष-किरण वापरणाऱ्या) सीटी स्कॅनबद्दल विचारा. मी ठाण्यातच पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, त्यामुळे अशा जाहिराती ओळखीच्या. तत्त्व खरं आहे: सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म तारेवर अँटिबॉडी बसवतात, रक्तातलं ठरावीक प्रथिन तिला येऊन चिकटलं की तारेतला विद्युतप्रवाह बदलतो. हार्वर्डच्या चार्ल्स लीबर यांच्या गटाने २००५ मध्येच अशा तारांनी कॅन्सरशी संबंधित प्रथिनं ओळखून दाखवली होती. घोडं पेंड खातं ते पुढे. गाठ लहान असताना तिच्या खुणा रक्तात फारच थोड्या उतरतात, आणि सीईएसारखं कॅन्सरची खूण म्हणून मोजलं जाणारं प्रथिन नुसत्या धूम्रपानानेही वाढतं. म्हणजे विडी ओढणाऱ्याच्याच छातीत उगाच धडकी! (ट्यूमरच्या डीएनएची रक्ततपासणी होते, पण ती मुख्यतः निदान झालेल्या रुग्णाचं औषध ठरवायला.) सीटीचा पुरावा मात्र भक्कम आहे: २०११ मध्ये निकाल आलेल्या अमेरिकी चाचणीत ५३ हजारांहून जास्त धूम्रपान करणारे किंवा सोडलेले लोक होते, आणि एक्स-रेच्या तुलनेत सीटीच्या गटात या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. फक्त, आपल्याकडे जुन्या टीबीचे व्रणही सीटीत गाठीसारखे दिसू शकतात, म्हणून जुने एक्स-रे असतील तर सोबत न्या. खोकल्यातून रक्त पडत असेल किंवा वजन उतरत असेल तर स्क्रीनिंगचा (लक्षणं नसताना करायच्या तपासणीचा) विचार सोडून लगेच डॉक्टर गाठा.