प्रायमस, झेरॉक्स आणि आपली चादर

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू, शेजारी कन्नड, बाहेर मराठी. आमची अव्वा रॉकेलच्या स्टोला शेवटपर्यंत प्रायमसच म्हणायची, शेजारच्या कन्नड आज्जी पण प्रायमस आणि समोरच्या मराठी मावशी पण प्रायमस. आता मुलीनं वहीत 'झेरॉक्स काढली' लिहिलं तर शाळेत बाईंनी लाल रेघ मारली, हे कंपनीचं नाव आहे, छायाप्रत लिही म्हणे. मग प्रायमस पण कंपनीच होती का? आणि असं आपल्याकडंच होतं का, इंग्रजी नीट येत नाही म्हणून?
- एक वाचक, अशोक चौक

उत्तर : हो दादा, प्रायमस कंपनीचंच नाव. पण इंग्रजी येण्या न येण्याशी त्याचा काही संबंध नाही, हे आधी सांगते.

1892 मध्ये स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी बिनवातीचा स्टो काढला, पितळी टाकीत रॉकेल, पंप मारून हवा भरायची, तापलेल्या बर्नरमध्ये रॉकेलची वाफ होऊन ती निळी जळायची आणि भांड्याला काजळी धरायची नाही. भोक तुंबलं की पिन मारायची, अव्वानं पण मारली असेल, आणि तो भर्रर्र आवाज तुम्हाला आठवत असेलच. चुलीवरून एकदम हे घरात आलं, मग त्याला वेगळं नाव कुठनं आणणार, टाकीवर जे कोरलंय तेच नाव. रशियात पण प्रिमुसच म्हणतात.

मला यात सगळ्यात भारी वाटतं ते हे की नाव बऱ्याचदा परक्या मुलखात जास्त घट्ट रुजतं. हूवर या व्हॅक्यूम क्लीनरच्या कंपनीचंच बघा ना, अमेरिकेत ओहायोमधे जेम्स स्पँगलर नावाचे दम्याचे पेशंट एका दुकानात झाडलोट करायचे, धुळीनं जीव जायचा, म्हणून त्यांनी पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून धूळ ओढणारं मशीन केलं आणि 1908 मध्ये पेटंट घेतलं, पुढं ते पेटंट हूवर नावाच्या गृहस्थांनी विकत घेऊन मशीन विकायला काढलं. पण आज 'हूवर करते' असं म्हणतात ते ब्रिटनमध्ये, अमेरिकेत व्हॅक्यूम म्हणतात. फ्रिजिडेअर हे फ्रिजच्या कंपनीचं नाव पण अमेरिकन, पण फ्रान्समध्ये फ्रिजलाच फ्रिजिडेर म्हणतात, रोमानियात फ्रिजिदेर आणि सर्बियात फ्रिझिदेर. जर्मनीत केस वाळवायच्या मशीनचं 'फ्योन' हे एका कंपनीनं नोंदवलेलं नाव होतं, आल्प्सवरून येणाऱ्या गरम वाऱ्यावरून ठेवलेलं, आता ते रशियन आणि चेक लोकांच्या घरात पण गेलंय. वस्तू दूरवरून खोक्यातनं येते आणि खोक्यावर एकच नाव असतं ना!

(मिक्सर मात्र कंपनी नाही हां, तो साधा इंग्रजी शब्द.)

कंपन्यांना हे फार आवडत नाही. थर्मास पण मुळात जर्मन कंपनीचं नाव, पण 1963 साली अमेरिकेतल्या कोर्टानं सांगितलं की हा शब्द आता सगळ्यांचा झाला, कुणीही वापरावा.

मुलीला सांगा, अर्जात छायाप्रत लिही, बाईंचं तेवढं बरोबर आहे, पण 'झेरॉक्स काढली' हे चुकीचं मराठी नाही. उलट बघा, नाव बाहेरचं पण त्याला 'काढणे' आपलं लावलं आणि स्त्रीलिंगी पण केलं, कारण प्रत स्त्रीलिंगी आणि नक्कल पण. एवढं केल्यावर शब्द आपलाच झाला की.

आणि तुम्ही अशोक चौकातले म्हणून एक मुद्दाम सांगते. पुण्या-मुंबईकडं कुठल्याही जाड डिझाइनच्या चादरीला सोलापुरी म्हणतात, आपण इथं नुसतं चादर म्हणतो आणि कुठल्या कारखान्याची ते विचारतो. इथं पण तेच, नाव बाहेर जाऊन रुजलं. फक्त एक फरक आहे, थर्मास सगळ्यांचं झालं म्हणून एका कंपनीचं नुकसान झालं, पण भलतीकडं विणलेली चादर सोलापुरी म्हणून विकली की आपल्या मागावरच्या माणसाची मजुरी जाते, म्हणून सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे हे नाव इथल्याच मालाला लावता येईल अशी सरकारी नोंदणी, घेतलेला आहे. पाहुण्यांसाठी चादर घेताना मुलीला सोबत न्या आणि लेबल वाचायला लावा.