वाचकांचे प्रश्न : शंका घेणारे बिशप

प्रश्न : बायबलवर शंका घेणारा माणूस बिशप कसा राहू शकतो? (एक वाचक, सदर, नागपूर)

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर जॉन विल्यम कोलेन्झो (१८१४–१८८३) यांच्या चरित्रात मिळते. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ या ब्रिटिश वसाहतीचे हे अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या पंथाचे) बिशप पूर्वी गणिताचे शिक्षक होते. बायबलचे तेथील झुलू लोकांच्या भाषेत भाषांतर चालू असताना त्यांच्या झुलू सहकाऱ्याने बायबलमधला जलप्रलय खरोखर घडला का, असे विचारले आणि प्रामाणिक उत्तर टाळणे त्यांना जमेना. १८६२ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी बायबलनुसार इजिप्तमधून निघालेल्या ६ लाख इस्रायली पुरुषांचा, त्यांच्या कुटुंबांचा व गुराढोरांचा हिशेब मांडून तो अशक्य ठरवला. दीक्षाभूमीवर जमणाऱ्या लाखोंच्या पाण्याची आणि मुक्कामाची व्यवस्था पाहिलेल्या नागपूरकरांना त्याचे मर्म चटकन कळेल. देव मात्र त्यांनी नाकारला नाही. अनंतकाळची नरकयातना ईश्वराच्या प्रेमाशी विसंगत आहे, असे ते मानत.

१८६३ मध्ये केपटाऊनच्या बिशपांनी त्यांना पदच्युत केले. १८६५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे वसाहतींसाठीच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, तो निर्णय रद्दबातल ठरवला, म्हणून ते बिशप राहिले. मला या वादापेक्षा त्यांचे उत्तरायुष्य मोठे वाटते, कारण १८७९ चे ब्रिटिशांचे झुलूंवरील युद्ध अन्यायाचे आहे, हे गोऱ्या वसाहतीचा रोष ओढवूनही ते सांगत राहिले. झुलू त्यांना ‘सोबान्तू’, म्हणजे लोकांचा पिता, म्हणत.