मातीतल्या जिवाणूंपासून मिळणारी औषधं सूज आणि हाडांची झीज खरंच थांबवतात का? आईला ऑस्टिओपोरोसिस आहे.

हो, काही ठिकाणी थांबवतात, आणि त्यातलं एक दातांच्या डॉक्टरांकडे बऱ्याच वर्षांपासून आहे: डॉक्सिसायक्लिन. फार्माकॉलॉजी शिकवताना मी हेच उदाहरण देतो. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो तो बराचसा स्ट्रेप्टोमायसिस गटाच्या जिवाणूंचा. त्यांच्यातल्याच एकाकडून मिळणाऱ्या ऑक्सिटेट्रासायक्लिनपासून हे औषध बनवतात. हिरड्यांच्या जुनाट आजारात कोलॅजन तोडणारी एन्झाइम्स मोकाट सुटतात, हिरडी सुजते आणि दाताभोवतीचं हाड झिजत जातं. 20 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, म्हणजे जंतू मारायलाही न पुरणारा डोस, या एन्झाइम्सना आवर घालतो. अमेरिकेत 1998 साली त्याला मान्यता मिळाली, तीही दातांच्या खोल सफाईच्या जोडीला, सफाईऐवजी नाही. जपानमध्ये आमवातासाठी टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध देतात, तेही 1984 मध्ये त्सुकुबाच्या मातीत सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिसचंच. याच गटाच्या जिवाणूपासून मिळणारं रेव्हेरोमायसिन ए त्याहून गमतीदार: हाड खाणाऱ्या पेशी हाड विरघळवायला आम्ल सोडतात, आणि नेमक्या त्या आम्लामुळेच हे रसायन त्यांच्या आत शिरून त्यांना मारतं. उंदरांवर जमलं, दुकानात मिळत नाही.

मात्र आईंना यातलं काही आपल्या मनाने देऊ नका. टॅक्रोलिमससारखी औषधं दीर्घकाळ घेतली तर हाडं उलट ठिसूळ होऊ शकतात. आणि घरात उरलेली 100 मिलिग्रॅमची डॉक्सिसायक्लिन म्हणजे सरळसरळ अँटिबायोटिक, तिचा या कामाशी संबंध नाही.