वाचकांचे प्रश्न : उशिरा आलेली गाडी आणि चुकलेली पुढची गाडी

प्रश्न : जानेवारीत आई-वडिलांना घेऊन प्रयागराजहून परतत होतो. कल्याणला उतरल्यावर तीन तासांनी सोलापूरची गाडी होती. परंतु उत्तरेतील धुक्यामुळे पहिली गाडी पाच तास उशिरा आली आणि पुढची निघून गेली. दोन्ही आरक्षणे पक्की असूनही दुसऱ्या तिकिटाचे पैसे मिळाले नाहीत. असे का झाले?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : वृद्ध आई-वडिलांसह रात्री फलाटावर ताटकळत बसण्याचा त्रास पैशांच्या नुकसानीपेक्षा मोठा असतो, हे आम्ही जाणतो. पैसे न मिळण्याचे कारण बहुधा हे की, आपली दोन तिकिटे रेल्वेच्या नोंदीत एकमेकांशी जोडलेली नव्हती. तशी ती नसतील, तर पुढच्या गाडीसाठी आपण केवळ गैरहजर प्रवासी ठरता. एप्रिल २०१९ पासून दोन पीएनआर जोडण्याची सोय उपलब्ध आहे. त्यासाठी दोन्ही तिकिटांवर प्रवाशांचा तपशील तोच असावा लागतो आणि पहिला प्रवास जिथे संपतो तिथूनच दुसरा सुरू व्हावा लागतो. अशा जोडलेल्या प्रवासात पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर रद्दीकरण शुल्क न कापता दुसऱ्या तिकिटाचे पैसे परत मिळतात. मात्र पहिली गाडी प्रत्यक्ष पोहोचल्यापासून तीन तासांच्या आत खिडकीवरील तिकीट परत करावे लागते किंवा ई-तिकिटासाठी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरावा लागतो. इतकी उपयोगी सोय आरक्षण करतानाच प्रत्येकाला ठळकपणे सांगितली जावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गाडी तीन तासांहून अधिक उशिरा असल्यास पूर्ण परतावा मिळतो, हा नियम वेगळा आहे. आपण जिथे चढणार त्या स्थानकावर ती गाडी तितकी उशिरा असेल आणि आपण प्रवासच करणार नसाल, तेव्हा तो लागू होतो. अर्जही गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वीच करावा लागतो.

परतावा मिळाला तरी रात्र फलाटावरच जाते, म्हणून खरी काळजी दोन गाड्यांमधील अंतराची घ्यावी. एकदा रखडलेली गाडी पुढे अधिकच रखडते, कारण तिची ठरलेली वेळ हुकल्यावर वेळेवर धावणाऱ्या गाड्यांना वाट देण्यासाठी तिला एखाद्या लहान स्थानकाच्या बाजूच्या रुळावर घेतात आणि शेजारून एकामागून एक गाड्या निघून जाईपर्यंत तिचा सिग्नल लालच राहतो. वेळापत्रकातील राखीव मिनिटे बहुधा शेवटच्या स्थानकाच्या अलीकडे ठेवलेली असतात. त्यामुळे मुंबईला पोहोचेपर्यंत थोडा उशीर भरून निघू शकतो. मनमाड किंवा भुसावळला उतरणाऱ्याने मात्र त्या भरवशावर राहू नये. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेतून येताना तीन तासांचे अंतर अपुरेच आहे. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील, तर जंक्शनवर एक रात्र विश्रांतिकक्ष घेऊन दुसऱ्या दिवशीची गाडी धरणे आम्हाला अधिक योग्य वाटते.

प्रश्न : गाडीला उशीर झाल्याने विमान चुकले, तर रेल्वेकडून भरपाई मागता येते का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मागता येते. अजमेर-जम्मू गाडीला झालेल्या चार तासांच्या उशिरामुळे एका कुटुंबाचे श्रीनगरचे विमान चुकले होते. त्या प्रकरणात सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक आयोगाने दिलेली भरपाई कायम ठेवली आणि उशिराचे कारण आपल्या नियंत्रणाबाहेरचे होते हे रेल्वेने सिद्ध केले नाही, तर ती जबाबदार ठरते, असे म्हटले. मात्र कोकणात पावसाळ्यात गाड्यांचा वेग मुद्दाम कमी ठेवला जातो आणि वेळापत्रकही वेगळे असते, शिवाय दरड कोसळल्यास ते कारण मान्य होण्याचा संभव असतो. त्यामुळे त्या महिन्यांत विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. दावा करायचाच असेल, तर तिकीट, उशिराच्या नोंदीचे छायाचित्र आणि टॅक्सीच्या पावत्या जपून ठेवाव्यात व दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करावी.